आरोपी सापडला, कोर्ट सापडलं नाही

विमानतळावर बेल्ट काढून ट्रेमध्ये ठेवताना सगळेच वैतागतात. लॅपटॉप बाहेर काढा, पाण्याची बाटली टाकून द्या, आणि आमच्यासारखा हिंगोलीकडचा माणूस असेल तर त्याच्या हातातल्या पिशवीत हमखास असणारी लोणच्याची बरणी... तिचं काय होतं ते सांगायला नको. (हिंगोलीला विमानतळ नाही. जवळचा म्हणजे नांदेडचा. बरणी तिथपर्यंत सुखरूप जाते.)

पण यातल्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे एक तारीख आहे. द्रवपदार्थांचा नियम ऑगस्ट २००६ चा, लंडनमध्ये उघडकीला आलेल्या कटानंतरचा. बूट काढायची पद्धत आली ती डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटकं भरून आणली म्हणून. कॉकपिटचं आतून बंद होणारं भक्कम दार ११ सप्टेंबर २००१ मुळे. आधी घटना, मग नियम. आमच्या धंद्यात जसं आधी प्रॉडक्शनवर काहीतरी फुटतं आणि मग रात्री जागून पॅच लिहिला जातो, अगदी तसंच.

आज लिहायचंय ते मात्र अशा तारखेबद्दल, की जिचा पॅच यायला १६ वर्षं लागली. तारीख ११ एप्रिल १९५५. विमान आपलं, एअर इंडियाचं. कॅप्टन जटार. विमानाच्या देखभालीचा इंजिनिअर कर्णिक. ही आडनावं वाचून मी पहिल्यांदा थबकलो होतो, कारण विमानातल्या घातपाताच्या इतिहासात आपल्याला अरबी, जपानी, आयरिश नावं वाचायची सवय असते. जटार आणि कर्णिक ही नावं आपल्या शाळेच्या हजेरीपटातली.

तर झालं असं. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद भरायची होती. नेहरू, सुकार्नो, नासेर, उ नू वगैरे मंडळी जमणार होती, आणि चीनतर्फे पंतप्रधान चौ एन लाय. चीनकडे तेव्हा इतक्या लांब पल्ल्याची सोयीची विमानं नव्हती, म्हणून त्यांनी एअर इंडिया इंटरनॅशनलचं एक विमान भाड्याने घेतलं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांच्या इंजिनांचं, शेपटीला तीन उभी पाती असलेलं देखणं विमान. नोंदणी क्रमांक व्हीटी-डीईपी, नाव 'काश्मीर प्रिन्सेस'. हे विमान मुंबईहून बँकॉकमार्गे हाँगकाँगला गेलं. हाँगकाँगच्या काई टाक विमानतळावर इंधन भरलं, साफसफाई झाली, चिनी शिष्टमंडळातली माणसं आणि काही पत्रकार चढले आणि दुपारी विमान जाकार्ताकडे निघालं. प्रवासी ११, कर्मचारी ८.

चौ एन लाय त्यात नव्हते. त्यांचं अपेंडिक्सचं दुखणं निघालं आणि त्यांचं निघणं लांबलं असं सांगण्यात आलं. ते तीन दिवसांनी वेगळ्या विमानाने रंगूनला गेले आणि तिथून पुढे बांडुंगला.

उड्डाणानंतर साधारण पाच तासांनी, १८ हजार फुटांवर, उजव्या बाजूच्या चाकांच्या खाचेत स्फोट झाला. चाकं उडताना आत घेतली जातात ती जागा. स्फोटाने इंधनाची टाकी फुटली आणि उजव्या पंखाला आग लागली. कॅप्टन जटार यांनी तीन नंबरचं इंजिन बंद केलं, रेडिओवरून नातुना बेटांजवळची जागा कळवली गेली, धोक्याचे संदेश तीनदा गेले आणि मग रेडिओ मुका झाला. केबिनमध्ये धूर. विमान समुद्रावर उतरवायचं ठरलं. ग्लोरिया बेरी ही हवाई सुंदरी (तेव्हाचा शब्द) प्रवाशांना लाइफ जॅकेट वाटत होती. उजवा पंख आधी पाण्याला लागला आणि विमानाचे तुकडे झाले.

१९ पैकी १६ जण गेले. जटार गेले, ग्लोरिया बेरी गेली. वाचले तिघे: सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि इंजिनिअर ए. एस. कर्णिक. पोहत, तरंगत राहिलेल्या या तिघांना शेवटी ब्रिटिश नौदलाच्या 'डॅम्पियर' जहाजाने उचललं. या पाचही जणांना पुढे अशोकचक्र मालिकेतली पदकं मिळाली. लष्कराबाहेरच्या माणसांना ती मिळण्याची ही पहिली वेळ. कर्णिकांनी नंतर या सगळ्यावर पुस्तकही लिहिलं.

आता इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण एरवी विमान समुद्रात पडलं की तपास तिथेच बुडतो. इथे तो बुडाला नाही. अवशेष पाण्यातून वर काढले गेले. इंडोनेशियाच्या चौकशी समितीने २६ मे १९५५ ला, म्हणजे दीड महिन्याच्या आत, सांगून टाकलं की हा टाइमबॉम्ब होता, त्याचा डिटोनेटर अमेरिकन बनावटीचा होता आणि तो बहुधा हाँगकाँगमध्ये बसवला गेला. दीड महिन्यात! आज सगळी साधनं असूनही अंतरिम अहवालाला याहून उशीर होतो. भारताकडून या तपासात रामेश्वरनाथ काव नावाचा गुप्तचर खात्यातला तरुण अधिकारी होता. १९६८ मध्ये 'रॉ' उभी केली ते हेच काव.

हाँगकाँगच्या पोलिसांनीही काम केलं. विमानाला काई टाकवर हात लावलेल्या ७१ जणांची चौकशी झाली. एक लाख हाँगकाँग डॉलरचं बक्षीस लावलं. आणि नाव निघालं: चाउ त्से मिंग. विमानांची देखभाल करणाऱ्या हाँगकाँगच्या कंपनीतला कामगार. पोलिसांचं म्हणणं असं, की तैवानच्या कुओमिंतांग पक्षाच्या हस्तकांनी त्याला सहा लाख हाँगकाँग डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. त्याने मित्रांजवळ बढाई मारली होती, हातात एकदम पैसा खेळायला लागला होता. लक्ष्य अर्थात चौ एन लाय.

पण पोलिस त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत पाखरू उडालं होतं. १८ मे १९५५ ला तो सिव्हिल एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात लपून तैवानला निघून गेला. (ही विमान कंपनी सीआयएच्या मालकीची होती हे नंतर जगजाहीर झालं. त्यावरून काय निष्कर्ष काढायचा यावर लोक आजही भांडतात. मी त्यात पडत नाही.) हाँगकाँगने खुनाच्या कटाचं वॉरंट काढलं. तैवानने सांगितलं, तो आमचा माणूस नाही, आणि आम्ही त्याला देणारही नाही.

संपलं.

म्हणजे बघा, बग सापडला, तो कुठल्या ओळीत आहे ते सापडलं, कोणी घातला तेही सापडलं. तिकीट कोणाच्या नावावर टाकायचं एवढंच ठरेना.

का ठरेना, हे जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. विमान भारतात नोंदलेलं. बॉम्ब ठेवला हाँगकाँगमध्ये, म्हणजे ब्रिटिश वसाहतीत. तो फुटला खुल्या समुद्रावर, जिथे कोणाचंच राज्य नाही. मेलेल्यांत चिनी होते, भारतीय होते, एक व्हिएतनामी, एक पोलिश, एक ऑस्ट्रियन. अवशेष इंडोनेशियाजवळ. संशयित तैवानमध्ये. आणि तैवानमधलं चँग कै शेकचं सरकार म्हणजे अजबच प्रकार: संयुक्त राष्ट्रांत चीनची खुर्ची त्याच्याकडे, पण ब्रिटन आणि भारत या दोघांनीही १९५० च्या आसपासच बीजिंगच्या सरकारला मान्यता दिलेली. ज्या सरकारशी तुमचे राजनैतिक संबंधच नाहीत, त्याच्याकडे प्रत्यार्पण कोणत्या कागदावर मागणार?

आणि मुळात गुन्हा कुठला? खून, खुनाचा कट. हाँगकाँगच्या कायद्यात ते होतं. पण 'उडत्या प्रवासी विमानाचा घातपात' नावाचा गुन्हा आंतरराष्ट्रीय कायद्यात नव्हताच. नागरी विमानवाहतुकीचा पाया म्हणजे १९४४ चा शिकागो करार. त्यात हवाई हद्द कोणाची, विमानाचं राष्ट्रीयत्व कसं ठरवायचं, परवाने, नकाशे, जकात, सगळं आहे. ९६ कलमं आहेत. विमानात कोणी बॉम्ब ठेवला तर काय, हे नाही. करार लिहिणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९४४ मध्ये त्यांच्या डोळ्यांपुढे बॉम्ब टाकणारी विमानं होती, बॉम्ब पोटात घेऊन उडणारी प्रवासी विमानं नव्हती.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. धोका आहे हे आधीच माहीत होतं. चीन सरकारने आदल्या दिवशीच बीजिंगमधल्या ब्रिटिश प्रतिनिधीला सांगितलं होतं की कुओमिंतांगचे लोक काहीतरी गडबड करणार आहेत. काय गडबड ते नीट सांगितलं नाही, हाँगकाँगमध्ये त्याचा अर्थ निदर्शनं, गोंधळ असा घेतला गेला. स्टीव्ह त्सांग नावाच्या इतिहासकाराने १९९४ मध्ये असं मांडलं की चौ एन लाय यांना कटाची बरीचशी कल्पना होती आणि तरीही त्यांनी बाकीच्यांना जाऊ दिलं. हे सगळ्यांना पटलेलं नाही. मला स्वतःला त्यात एवढंच दिसतं, की ज्यांच्याकडे माहिती होती त्यांच्यापैकी कोणीही ती जटार आणि कर्णिक यांच्यापर्यंत नीट पोचवली नाही. विमान ज्यांच्या हातात होतं त्यांनाच ते शेवटी कळलं, तेही स्फोट झाल्यावर.

असो. आता पॅचकडे येऊ.

पहिला करार १९६३ चा, टोकियोचा. त्याने एक साधी पण गरजेची गोष्ट केली: उडत्या विमानात गुन्हा झाला तर ज्या देशात विमान नोंदलेलं आहे त्या देशाला खटल्याचा अधिकार. कॅप्टनलाही दांडगाई करणाऱ्याला बांधून ठेवण्याचा अधिकार मिळाला. पण त्यात प्रत्यार्पणाची सक्ती नव्हती. म्हणजे 'काश्मीर प्रिन्सेस'च्या बाबतीत भारताला खटला चालवायचा हक्क मिळाला असता, आणि आरोपी तैवानमध्ये आरामात राहिला असता.

मग आला अपहरणांचा हंगाम. १९६८ ते १९७० या काळात विमानं इतकी पळवली गेली की अमेरिकेत 'क्युबाला चला' हा विनोद झाला होता. सप्टेंबर १९७० मध्ये पॅलेस्टिनी गटाने एका दमात अनेक विमानं पळवून जॉर्डनच्या वाळवंटात नेली आणि कॅमेऱ्यांसमोर उडवली. तीन महिन्यांत, १६ डिसेंबर १९७० ला, हेगचा अपहरणविरोधी करार झाला. आणि २३ सप्टेंबर १९७१ ला माँट्रियलचा करार, ज्याचा विषय घातपात.

माँट्रियल करार मी एका रविवारी बसून पूर्ण वाचला. (हो, अशीही माणसं असतात.) तो छोटा आहे, १६ कलमांचा. आणि वाचताना सारखं वाटत राहतं की लिहिणाऱ्यांच्या टेबलावर 'काश्मीर प्रिन्सेस'ची फाइल उघडी असावी. तसा पुरावा माझ्याकडे नाही, पण कलमं बघा.

पहिल्या कलमात गुन्ह्यांची यादी आहे. त्यात: सेवेत असलेल्या विमानात, कोणत्याही मार्गाने, विमान नष्ट करू शकेल असं साधन किंवा पदार्थ ठेवणं किंवा ठेववणं. ठेवणारा विमानात बसलेला असलाच पाहिजे असं नाही. टोकियो आणि हेगचे करार विमानातल्या माणसाकडे बघत होते. चाउवर आरोप होता तो जमिनीवरून काम करून घरी जाणाऱ्या माणसाचा.

दुसऱ्या कलमात 'सेवेत' म्हणजे केव्हा, याची व्याख्या. ही मला फार आवडते, कारण ती एखाद्या इंजिनिअरने लिहिल्यासारखी आहे. जमिनीवरचे कर्मचारी किंवा वैमानिक त्या उड्डाणाची तयारी सुरू करतात तिथून, ते विमान उतरल्यावर २४ तासांपर्यंत. म्हणजे इंधन भरणं, सफाई, चाकांची तपासणी, काई टाकवरचा तो सगळा मुक्काम या व्याख्येत बसतो. दारं बंद झाल्यापासून उघडेपर्यंत एवढाच काळ धरला असता तर चाकांच्या खाचेत काहीतरी सरकवणारा हात व्याख्येबाहेर राहिला असता.

आणि सातवं कलम. हे सगळ्या कराराचं हृदय. आरोपी ज्या देशात सापडेल त्या देशाने त्याला मागणाऱ्या देशाच्या ताब्यात द्यावं. द्यायचं नसेल तर, कसलाही अपवाद न करता, गुन्हा आपल्या भूमीवर झालेला असो वा नसो, खटल्यासाठी प्रकरण आपल्या यंत्रणेकडे सोपवावं. द्या, नाहीतर चालवा. 'तो आमचा माणूस नाही' हे उत्तर यात बसत नाही. आठव्या कलमाने वर हेही केलं की दोन देशांत प्रत्यार्पणाचा वेगळा करार नसेल तर हाच करार त्या कामाला वापरता येईल.

यानंतर १९७४ मध्ये शिकागो कराराला सतरावं परिशिष्ट जोडलं गेलं, ते सुरक्षेचं. विमानतळावर आपल्याला दिसतो तो या परिशिष्टाचा प्रवाशांकडचा भाग. न दिसणारा भाग 'काश्मीर प्रिन्सेस'च्या जास्त जवळचा आहे: विमानापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक कामगाराची पार्श्वभूमी तपासायची, पास असल्याशिवाय धावपट्टीकडे सोडायचं नाही, उभ्या विमानावर पहारा ठेवायचा, उड्डाणाआधी विमान आतून-बाहेरून बघायचं. आपली बॅग तपासणाऱ्यावर आपण चिडतो. पण खिडकीतून दिसणाऱ्या त्या पिवळ्या जॅकेटवाल्यांचीही कोणीतरी तपासणी केलेली असते, आणि माझ्या मते ती बॅगेपेक्षा जास्त मोलाची.

भारतात हे सगळं अंगावर आल्यावर आलं. ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं 'गंगा' हे फोकर विमान लाहोरला पळवलं गेलं आणि तिथे जाळलं गेलं. हेगच्या करारावर सह्या होऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली, पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेकडे गेला, आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोचलं. तिथे भारताची बाजू मांडणाऱ्यांत मुंबईचे नानी पालखीवाला होते. १९७२ मध्ये निकाल भारताच्या विरुद्ध गेला: संघटनेच्या मंडळाला तक्रार ऐकण्याचा अधिकार आहे. तोवर ढाका स्वतंत्र झालं होतं आणि ज्या हवाई मार्गासाठी भांडण होतं त्याला अर्थ उरला नव्हता.

सप्टेंबर १९७६ मध्ये दिल्लीहून मुंबईकडे येणारं इंडियन एअरलाइन्सचं बोईंग पुन्हा लाहोरला. यावेळी पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी अपहरणकर्त्यांना गुंगीचं औषध घातलेलं पाणी पाजलं आणि ते झोपल्यावर पकडलं! प्रवासी सुखरूप परत आले. पकडलेल्यांना मात्र नंतर सोडून देण्यात आलं. करार 'खटल्यासाठी सोपवा' म्हणतो, 'शिक्षा द्या' म्हणत नाही, हे लक्षात घ्या. या प्रकरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमानवाहतूक सुरक्षेचा विभाग सुरू झाला. त्याआधी चारच महिने, २८ सप्टेंबर १९७७ ला, मुंबईहून उडालेलं जपान एअर लाइन्सचं विमान जपानी रेड आर्मीच्या पाच जणांनी ढाक्याला नेलं. ते मुंबईतच चढले होते. जपानने ६० लाख डॉलर दिले आणि सहा कैदी सोडले.

आपल्या संसदेने हेग आणि माँट्रियलच्या करारांसाठी दोन कायदे केले ते १९८२ मध्ये. मूळ करारांनंतर ११-१२ वर्षांनी. ज्या देशाच्या विमानावर १९५५ मध्ये बॉम्ब फुटला त्याने इतका वेळ लावावा याचं मला आश्चर्य वाटतं, आणि थोडा रागही येतो.

तीनच वर्षांनी, २३ जून १९८५ ला, 'कनिष्क' गेलं. ३२९ माणसं. कॅनडाहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईला येणारं विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर फुटलं. बॉम्ब बॅगेत होता आणि बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. आपल्या एसटीत कंडक्टर माळ्यावरच्या पिशवीकडे बोट दाखवून ओरडतो, "ही पिशवी कुणाचीये हो?" आणि कोणी बोललं नाही तर पिशवी खाली उतरते. एवढाच प्रश्न व्हँकुव्हरला कोणी विचारला असता तर! कनिष्कनंतर तो जगभर नियम झाला: प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही. भारतातला सुरक्षा विभाग १ एप्रिल १९८७ ला स्वतंत्र खातं झाला तोही याच धक्क्याने.

आणि खटला? कॅनडा माँट्रियल कराराचं यजमान राष्ट्र. कोर्ट होतं, कायदा होता, पैसा होता. २० वर्षांनी, २००५ मध्ये, दोन मुख्य आरोपी पुराव्याअभावी सुटले. शिक्षा झाली ती एकट्या इंद्रजीतसिंग रेयातला.

सातवं कलम उलटं कसं फिरतं ते लॉकर्बीत दिसलं. डिसेंबर १९८८ मध्ये पॅन अॅमचं विमान स्कॉटलंडवर फुटलं, २७० गेले. संशयित लिबियाचे. अमेरिका-ब्रिटन म्हणाले द्या. लिबियाने माँट्रियल करारावर बोट ठेवलं: द्या नाहीतर चालवा असं लिहिलंय ना, मग आम्ही चालवतो! तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर. ज्या सरकारवर संशय त्याच्याच कोर्टात खटला. शेवटी सुरक्षा परिषदेने निर्बंध घातले आणि कित्येक वर्षांच्या घासाघिशीनंतर नेदरलँड्समध्ये स्कॉटिश कायद्याचं कोर्ट भरलं. एकाला २००१ मध्ये शिक्षा झाली, दुसरा सुटला.

मुंबईहून निघालेल्या पॅन अॅम ७३ बद्दल, म्हणजे ५ सप्टेंबर १९८६ च्या कराचीतल्या अपहरणाबद्दल आणि नीरजा भनोतबद्दल सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत आहे ते हे: कराचीत अपहरणकर्ते विमानतळ सुरक्षारक्षकांच्या वेषात, तशाच दिसणाऱ्या गाडीतून विमानापर्यंत आले होते. पुन्हा जमिनीवरचा माणूस. त्यांना पाकिस्तानात शिक्षा झाली. त्यांचा म्होरक्या २००१ मध्ये सुटल्यावर बँकॉकला अमेरिकनांच्या हाती लागला, आणि २००४ मध्ये त्याला १६० वर्षांची शिक्षा झाली.

डिसेंबर १९९९ च्या कंदाहारबद्दल इथे लिहीत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यानंतर आपल्या विमानतळांवर सीआयएसएफ आलं, आणि पुढे अपहरणाचा नवा कायदा २०१६ मध्ये. त्यात नुसती विश्वास बसेल अशी धमकीही अपहरणाच्या गुन्ह्यात धरली गेली. या कायद्याखाली पहिली शिक्षा झाली ती मुंबईच्या एका व्यापाऱ्याला: ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई-दिल्ली विमानाच्या स्वच्छतागृहात धमकीची चिठ्ठी सापडली, विमान अहमदाबादला उतरवलं गेलं, आणि २०१९ मध्ये विशेष कोर्टाने जन्मठेप आणि ५ कोटी दंड सुनावला. ऑगस्ट २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याला निर्दोष सोडलं. मला हा निकाल वाचून बरं वाटलं. विमानात आग नव्हती, बॉम्ब नव्हता, एक कागद होता. आणि तरीही तो कागद नेमका कोणी ठेवला हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवरच राहिली. २०१० मध्ये बीजिंगला माँट्रियलची सुधारित आवृत्तीही झाली. हो, बीजिंगलाच.

तैवानचंही सांगायला हवं. १९९३ मध्ये चीनमधून एकामागून एक विमानं पळवून तैवानला आणली जात होती. तैवानने त्या अपहरणकर्त्यांना स्वतःच्या कोर्टात उभं केलं आणि तुरुंगात घातलं. १९५५ ला न जमलेली गोष्ट, दुसऱ्या आरोपींच्या बाबतीत, जमली.

चाउ त्से मिंगवर मात्र हाँगकाँगमध्ये नाही, तैवानमध्ये नाही, भारतात नाही, कुठेच खटला चालला नाही. त्यामुळे तो निर्दोष असल्याचंही कोणी सिद्ध केलं नाही. त्या खटल्यात पहिला साक्षीदार म्हणून ज्याला बोलवावं लागलं असतं तो माणूस जिवंत होता, त्याने उजव्या पंखावरची आग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि चाकांच्या त्या खाचेत काय असायला हवं आणि काय नको हे सांगण्याचंच त्याचं शिक्षण झालेलं होतं. कर्णिकांनी ते सगळं पुस्तकात लिहिलं. कोर्टात सांगायची वेळ आली नाही.